भिंतीपलीकडचा माणूस

परवा कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर आनंद होता, पण तो पुरता उमललेला नव्हता. अर्धा आनंद आणि अर्धी काळजी असे मिश्रण आईच्याच चेहऱ्याला साधते.

"भाऊजी, धाकट्याला पर्थला नोकरी लागली. पुढच्या महिन्यात निघायचं म्हणतोय."

मी पेढा तोंडात टाकला आणि मुलाचे मनापासून कौतुक केले. कौतुक करण्यासारखाच मुलगा आहे तो. गेली सात वर्षे दिवा स्टेशनातून रोज सकाळी मुंबईला जातो. सकाळच्या गाडीत दिव्याला चढणे म्हणजे काय, हे चढणाऱ्यालाच ठाऊक. त्या गर्दीत जो दोन पावलांपुरती जागा मिळवतो, तो जगाच्या पाठीवर कुठेही आपली जागा करून घेईल, अशी माझी खात्री आहे. तसे मी बोलूनही दाखवले.

पण वहिनींच्या मनात दुसरेच काही घोळत होते. "ते सगळं खरं हो. पण तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?"

आता खरे म्हणजे मी गप्प बसायला हवे होते. पण निवृत्त माणसाला गप्प बसणे जमत नाही. मी हसत म्हणालो, "वहिनी, काळ बघा कसा बदलला! एके काळी विलायतेचं सरकार माणसांना शिक्षा म्हणून तिकडं फुकट नेऊन सोडत असे. तुमचा मुलगा कर्ज काढून चाललाय!"

विनोद साफ पडला. वहिनींचा चेहरा उतरला. स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या हिने जो कटाक्ष टाकला, त्याचे वर्णन दिवाळी अंकात करण्यासारखे नाही.

वहिनी गेल्यावर ही म्हणाली, "बोलायचं तर पुरतं बोलावं. शिक्षा म्हणून ज्यांना तिकडं नेलं, त्यांचं पुढं काय झालं?"

प्रश्न बिनतोड होता. त्या रात्री मी कपाटातली जुनी पुस्तके काढून बसलो. वाचता वाचता एक नव्हे, दोन माणसे सापडली. एक होता आयर्लंडचा. दुसरे निघाले आपल्या पनवेलजवळचे. आज, वाचकहो, तुम्हांला त्या दोघांचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट सणासुदीची नाही, पण वहिनींच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे.

पहिल्यांदा थोडी पार्श्वभूमी. २६ जानेवारी १७८८ या दिवशी इंग्रजांच्या कैदी भरलेल्या जहाजांचा पहिला तांडा आज जिथे सिडनी आहे तिथे लागला. आपल्याला २६ जानेवारी प्रजासत्ताक दिनामुळे पाठ, त्यांना या तांड्यामुळे. तेव्हापासून १८६८ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे, हा कैद्यांचा ओघ चालू होता. सुमारे १ लाख ६० हजार माणसे अशी समुद्रापार गेली. त्यांतली पुष्कळशी अगदी किरकोळ चोरीसाठी गेली. कुणी रुमाल चोरला होता, कुणी मेंढी, कुणी डुक्कर. त्यांत आयरिश लोकांचा भरणा मोठा, कारण आयर्लंडावर इंग्रजांचे राज्य आणि तिथे दारिद्र्य व दुष्काळ पाचवीला पुजलेले. आणि दर पिढीत एखादे बंड ठरलेले. बंड मोडले की पुढाऱ्यांची रवानगी जहाजावर.

१८६७ च्या ऑक्टोबरात 'हुगूमाँ' नावाचे एक जहाज इंग्लंडहून निघाले. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारे हे शेवटचे जहाज. त्यात सुमारे २८० कैदी होते आणि त्यांपैकी ६२ जण फेनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी गुप्तपणे शपथ घेतलेले क्रांतिकारक होते. त्या बासष्टांत एक तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याचे नाव जॉन बॉईल ओरायली.

ओरायलीचा जन्म १८४४ चा. बाप शाळामास्तर. पोरगा लहानपणीच छापखान्यात उमेदवारीला लागला, अक्षरे जुळवता जुळवता लिहू लागला. पुढे तो इंग्रजांच्या घोडदळात शिपाई झाला. वरून पाहाल तर राणीचा इमानी स्वार, पण आत शिरून तो आयरिश शिपायांना फितवत होता. १८६६ मध्ये बिंग फुटले. लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली, ती पुढे वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आली. तेव्हा त्याचे वय होते बावीस.

तीन महिने ते जहाज समुद्रावर होते. बासष्ट जणांनी त्या अंधाऱ्या कोंडवाड्यात काय करावे? त्यांनी चक्क एक साप्ताहिक काढले! हाताने लिहिलेले, नाव 'रानहंस'. त्याचे सात अंक निघाले. जहाजाच्या पोटात कंदिलाच्या उजेडात कुणीतरी अंक मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. साप्ताहिक काढणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना ही हकिकत आवडावी. माणसाला मायदेशातून उपटून काढले तरी चार माणसे जमवून वाचन करण्याची त्याची खोड जात नाही.

जानेवारी १८६८ मध्ये जहाज फ्रीमँटल बंदराला लागले. हे फ्रीमँटल म्हणजे वहिनींचा मुलगा जिथे चालला आहे त्या पर्थचेच बंदर. ओरायली तिथला कैदी क्रमांक ९८४३ झाला. त्याला दक्षिणेला बनबरी गावाकडे, जंगल तोडून रस्ते करणाऱ्या टोळीत धाडले. तिथे उंच भिंती नव्हत्या. त्यांची गरजच नव्हती. एका बाजूला अफाट रान, दुसऱ्या बाजूला अफाट समुद्र. पळणार कुठे? वर्षभरात हा तरणाबांड गडी इतका खचला की त्याने स्वतःचा जीव घेण्याचाही प्रयत्न केला. त्यातून तो वाचला.

मग त्याच्या आयुष्यात एक माणूस आला. त्या भागात घोड्यावरून हिंडणारा फादर मॅककेब नावाचा आयरिश पाद्री. तो ओरायलीला म्हणाला, की थांब, मी काहीतरी बघतो. त्याने मग्वायर नावाच्या एका शेतकऱ्याला गाठले. हा शेतकरीही आयरिशच. १८ फेब्रुवारी १८६९ च्या रात्री ओरायली छावणीतून निसटला. घोडे तयार होते, होडी तयार होती, आणि अमेरिकेच्या देवमासे मारणाऱ्या एका जहाजाच्या कप्तानाशी बोलणेही झाले होते. पण ते जहाज होडीच्या जवळून निघून गेले. त्यांनी हाका मारल्या, खूण केली, पण थांबले कुणी नाही. सुमारे दोन आठवडे तो किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांत लपून राहिला. उन्हाचा, तहानेचा त्रास फार झाला. पण मित्रांनी त्याला टाकले नाही. त्यांनी दुसरे जहाज शोधले. त्याचे नाव 'गझेल'.

या 'गझेल'वर घडलेला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. जहाज वाटेत रॉड्रिग्ज नावाच्या इंग्रजांच्या बेटाला थांबले, तर तिथले अंमलदार पळालेला कैदी शोधायला जहाजावर हजर! ओरायलीबरोबर जबरदस्तीने जहाजावर चढलेला दुसरा एक कैदी त्यांच्या हाती लागला. आता तो आपले नाव सांगणार, हे ओरायलीला कळून चुकले. रात्री खलाशांनी काय केले? हत्यारांना धार लावायचा जाडजूड दगड ओरायलीच्या टोपीसह समुद्रात टाकला आणि आरडाओरडा केला, "माणूस पाण्यात पडला!" सकाळी अंमलदार परत आले तर जहाजावर सुतकी चेहरे आणि पाण्यात सापडलेली भिजलेली टोपी. अंमलदार हळहळले आणि निघून गेले. जहाज खोल समुद्रात गेल्यावर 'बुडालेला' ओरायली लपल्या जागेतून बाहेर आला!

पुढे मध्येच त्याला दुसऱ्या जहाजावर बसवून देताना 'गझेल'च्या कप्तानाने स्वतःच्या खिशातले पैसे त्याच्या हातावर ठेवले. लिव्हरपूलला पोचल्यावर तो ज्या तिसऱ्या जहाजातून अमेरिकेला गेला, त्याचे नाव होते 'बॉम्बे'. नोव्हेंबर १८६९ मध्ये तो फिलाडेल्फियाला उतरला. पुढे बॉस्टनच्या 'पायलट' या पत्राचा तो संपादक झाला. कवी म्हणून, वक्ता म्हणून नाव मिळवले. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या जीवनावर त्याने 'मूनडाइन' नावाची कादंबरी लिहिली, ती १८७९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

१८७९ हा आकडा वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला. हे साल महाराष्ट्राने विसरावे असे नाही. त्या साली इकडे दुसऱ्या एका माणसाचे बंड मोडले गेले.

दिवा स्टेशनातून पनवेलकडे एक फाटा जातो. रोह्याची गाडी त्याच वाटेने सुटते. पनवेल मागे पडले की कर्नाळ्याच्या किल्ल्याचा अंगठा आभाळात उभा दिसतो. त्या किल्ल्याच्या परिसरात शिरढोण नावाचे गाव आहे. तिथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. ओरायलीहून ते जेमतेम दीड वर्षाने लहान. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. वासुदेवाचे सुरुवातीचे शिक्षण आपल्या या कल्याणात झाले. पोर आठ वर्षांचा असताना, १८५४ मध्ये, कल्याणला पहिली आगगाडी आली. त्या नवलाच्या गाडीकडे तो पोर डोळे विस्फारून पाहत उभा राहिला असेल, असे मला आपले वाटते.

आणि गंमत पाहा. ओरायली इंग्रजांच्या घोडदळात शिपाई, तर वासुदेव बळवंत पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून. दोघेही एकाच फौजेचे चाकर. कारकुनाच्या आयुष्यातली ती प्रसिद्ध घटना तुम्हांला ठाऊक असेल. आई आजारी असल्याचे कळले, रजा मागितली, रजा मिळाली नाही. ते शिरढोणला पोचले तेव्हा आई गेलेली होती. ज्याने कुठल्याही कचेरीत रजेचा अर्ज हातात धरून साहेबाच्या दाराशी उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

पण एवढ्यावरून कुणी बंड करीत नाही. ते न्यायमूर्ती रानडे यांची व्याख्याने ऐकत होते. देशाचा पैसा बाहेर कसा चालला आहे, ते आकड्यांनिशी कळत होते. स्वदेशीचे व्रत त्यांनी घेतले होते. पुण्यात मित्रांबरोबर शाळा काढली, आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी तिच्यातूनच वाढली. मग १८७६ ते १८७८ चा तो भीषण दुष्काळ आला. गावेच्या गावे अन्नावाचून तडफडताना त्यांनी पाहिली. शाळा काढून आणि व्याख्याने ऐकून भागणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले.

शिकल्यासवरलेल्या मंडळींनी पाठ फिरवली. मग हा कारकून रामोशांकडे गेला. दौलतराव नाईक आणि त्यांच्या माणसांनी त्यांना आपला म्हटले. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूरकडच्या धामारी गावापासून दरोडे सुरू झाले. सरकारी खजिना हाती लागावा, फौज उभी करावी आणि राज्य उलथावे, असा मनसुबा होता. सरकारने त्यांच्या डोक्यावर बक्षीस लावले. त्यांनी उलट गव्हर्नराच्या डोक्यावर लावले! पण मे महिन्यात कोकणात उतरून केलेल्या लुटीनंतर परतताना दौलतराव नाईक मारले गेले, आणि बंडाचा कणा मोडला. वासुदेव बळवंत एकटे पडले. श्रीशैलापर्यंत गेले, रोहिल्यांची फौज मिळते का ते पाहिले, परत फिरले. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडच्या देवर नावदगी गावी, तापाने फणफणलेले आणि थकून झोपलेले असताना, ते पकडले गेले.

पुण्यात खटला उभा राहिला. या आरोपीची बाजू घ्यायला कुणाचे धैर्य होईना. त्या वेळी सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, वकील म्हणून उभे राहिले. पुढे सेशन कोर्टात महादेव चिमणाजी आपट्यांनी काम चालवले. पण वासुदेव बळवंतांनी स्वतः लिहिलेली रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांच्या हाती पडले होते. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान येते. वासुदेव बळवंतांना मात्र १८८० च्या जानेवारीत एडनला नेण्यात आले. अरबस्तानच्या टोकाला उघड्याबोडक्या काळ्या डोंगरांच्या कुशीतले हे बंदर. इंग्रजांनी ते १८३९ मध्ये घेतले आणि कारभारासाठी मुंबई इलाख्याला जोडले. म्हणजे पाहा, सातासमुद्रापार धाडलेला हा कैदी कागदोपत्री मुंबई इलाख्यातच होता! त्याच मुंबईचे सरकार, त्याच मुंबईचा शिक्का. फक्त आपले माणूस कुणी नाही.

आणि त्या तुरुंगातून ते पळाले. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून बाहेर पडले. पायात नीट बळ नाही, वाट ठाऊक नाही, भाषा येत नाही. अंगावरचा वेश, बोलणे, चेहरा, सगळेच परके. धावत धावत ते वाळवंटाच्या दिशेने गेले. तिथे घोडा तयार नव्हता. होडी तयार नव्हती. हाक मारली तर ओ देणारे कुणी नव्हते. थोड्याच वेळात ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षात, त्यांनी एडनच्या तुरुंगात देह ठेवला.

रात्रीचा एक वाजला होता. दोन्ही पुस्तके उघडी होती. एका वयाची दोन माणसे, एकाच राज्याचे दोन शत्रू. धैर्याने तोलाल तर कुणाचे पारडे खाली जाईल सांगता येणार नाही. अंगबळाने तोलाल तर दार उखडणाऱ्याचे पारडे जड. मग एकाला सारे आयुष्य पुन्हा नव्याने मिळावे, आणि दुसऱ्याला चार पावलांवर अंधार, असे का व्हावे?

कुणी म्हणेल, ओरायली गोरा होता, इंग्रजी त्याची बोली होती, कुठल्याही बंदरात तो खपून गेला असता. हे खरेच आहे आणि लहान नाही. कुणी म्हणेल, ऑस्ट्रेलियाचे रान मोकळे होते, एडनचा तुरुंग बंदिस्त. तेही खरे. पण मला वाटते, आणखी एक फरक आहे. ओरायली पळाला तेव्हा भिंतीपलीकडे एक माणूस उभा होता. पाद्री होता, शेतकरी होता, खलाशी होता. वासुदेव बळवंतांच्या भिंतीपलीकडे कुणीही नव्हते.

'एडनला आपले लोक नव्हते का?' असा प्रश्न हिने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारला. होते ना! मुंबईचे पारशी व्यापारी तिथे पेढ्या थाटून बसले होते. हिंदी पलटणी पहाऱ्याला होत्या. पण एका देशाचे असणे वेगळे आणि आपले असणे वेगळे. फादर मॅककेबने ओरायलीकडे देशबांधव म्हणून नुसते हळहळून पाहिले असते, तर ओरायलीची हाडे त्या रानातच राहिली असती. त्याने घोडा मिळवला. सापडता तर तोही कोठडीत जाता. आपला म्हणजे आपल्यासाठी थोडे तरी संकट पत्करणारा. पुण्यात सार्वजनिक काकांनी ते पत्करले. रामोशांनी तर जीव देऊन पत्करले. समुद्र ओलांडल्यावर मात्र ही साखळी तुटली.

ओरायलीच्या बाबतीत साखळी तुटली नाही, एवढेच नव्हे, ती पुढे वाढली. जहाजातल्या बासष्टांपैकी बहुतेकांना काही वर्षांत माफी मिळाली. पण जे फौजेतून फुटले होते, त्यांना नाही. ते फ्रीमँटललाच सडत राहिले. त्यांतल्या एकाने अमेरिकेतल्या जुन्या साथीदाराला, जॉन डेव्हॉयला, चोरून पत्र पाठवले. अमेरिकेतल्या आयरिश मजुरांनी, मोलकरणींनी, दुकानदारांनी पदरचे थोडेथोडे पैसे काढून वर्गणी जमवली. त्यातून 'कॅटाल्पा' नावाचे जहाज विकत घेतले. मसलतीला बॉस्टनचा संपादक ओरायली होताच. देवमासे मारायला म्हणून ते जहाज १८७५ च्या एप्रिलात निघाले. ते तिकडे पोचण्याआधी एक आयरिश गडी धनवान अमेरिकन व्यापाऱ्याच्या वेशात फ्रीमँटलला जायचा होता, तो गेला, आणि तिथल्या साहेबलोकांच्या पंगतीत मिरवू लागला! १७ एप्रिल १८७६ रोजी सहा कैदी कामावरून निसटून होडीत बसले. मागे सरकारी हुकमाने सशस्त्र आगबोट लागली. 'कॅटाल्पा'च्या कप्तानाने अमेरिकेच्या निशाणाकडे बोट दाखवले आणि विचारले, की यावर गोळी झाडता? आगबोट मागे फिरली. सहाही जण सुखरूप अमेरिकेला पोचले.

मला या गोष्टीतली आगबोट आणि निशाण यांचे कौतुक आहेच. पण त्याहून कौतुक आहे त्या मोलकरणींच्या वर्गणीचे. त्यांच्यातल्या कितीजणींनी त्या सहांचे तोंड पाहिले होते? एकीनेही नसेल. तरी सात-आठ वर्षे समुद्रापलीकडल्या माणसांची आठवण ठेवणारे कुणीतरी होते.

वासुदेव बळवंतांचीही आठवण आपण ठेवली आहे. शिरढोणला त्यांचे स्मारक आहे, गावोगाव रस्त्यांना आणि चौकांना नावे आहेत. जयंतीला हार पडतो. हे सारे योग्यच आहे. पण कधी त्या फाट्यावरून जाताना कर्नाळ्याचा अंगठा दिसला, की मला आता दार उखडून बाहेर पडलेला, अंधारात क्षणभर उभा राहून 'कुठल्या बाजूला?' असा विचार करणारा तो कल्याणच्या शाळेतला पोर दिसेल. त्या क्षणी पुतळ्याचा उपयोग नव्हता. एक माणूस हवा होता.

हे सगळे मनात घोळत असताना मला आमचीच एक जुनी रात्र आठवली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही रत्नागिरीकडून बिऱ्हाड घेऊन दिव्याला आलो. तेव्हा स्टेशनाच्या आसपास खाचरे आणि खाजण, दिवे थोडे आणि चिखल मोठा. 'दिवा' हे नाव गावाला कुणी थट्टेने दिले की काय, असे वाटावे. श्रावणातली रात्र, गाडीला उशीर, हिच्या कडेवर तान्ही मुलगी, माझ्या डोक्यावर वळकटी. नवी जागा कुठे आहे ते आम्हांलाच नीट ठाऊक नव्हते. वीज गेलेली. फलाटावरून उतरल्यावर मी तसाच उभा राहिलो, कुठल्या बाजूला जावे ते कळेना. तेवढ्यात हातात बॅटरी घेतलेले एक आगरी म्हातारेबुवा पुढे आले. त्यांनी चौकशी केली, हिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बांधाबांधाने आम्हांला दारापर्यंत पोचवले. ते स्वतः पार दुसऱ्या टोकाला राहत होते, हे आम्हांला आठवड्याने कळले. पुढे त्यांच्या शेतातली भाजी आमच्याकडे येऊ लागली आणि आमच्या कोकणातले आंबे त्यांच्याकडे जाऊ लागले. आज ते नाहीत. खाचरेही नाहीत. तिथे इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एकीत बसून मी हे लिहितो आहे.

आणि अशा माणसाने वहिनींच्या प्रश्नावर विनोद करावा!

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. निवृत्त माणसाजवळ दुसरे काही नसले तरी जुन्या ओळखींची वही असते. तीन दिवस फोन केले. पहिल्याने दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. अखेर कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याची भाची पर्थच्या एका उपनगरात गेली दहा वर्षे राहते, असा शोध लागला. तिला मी कधी पाहिलेले नाही. फोनवर मी आपली चाचरतच हकिकत सांगितली. ती म्हणाली, "काका, विमानाची वेळ तेवढी कळवा. मी आणि हे, दोघंही घ्यायला येऊ. जागा मिळेपर्यंत राहील आमच्याकडं. मी आले तेव्हा मला न्यायला कुणी आलं नव्हतं, म्हणून मला माहीत आहे."

संध्याकाळी तिचे नाव, पत्ता आणि नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मी वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. घडी घालून देवापुढे कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. धाकटा शेजारीच उभा होता. तो हसून म्हणाला, "काका, मी काही लहान आहे का? फोनमध्ये नकाशा असतो, गाडी बोलावता येते."

"येते ना," मी म्हटले. "पण वर्षभरानं तिथं कुणी नवीन येईल. त्याच्याही फोनमध्ये नकाशा असेल. तरी तू विमानतळावर जा."

तो काही बोलला नाही, पण मान हलवली.

आता आमच्या मजल्यावर फराळाची गडबड चालू आहे. वहिनींनी त्या पर्थच्या मुलीसाठी चकल्यांचा डबा वेगळा भरायला घेतला आहे. काल धाकटा त्यांना समजावून सांगत होता, "आई, तिथं खाण्याचे जिन्नस लपवून नेता येत नाहीत. विमानतळावर डबा उघडून दाखवावा लागतो."

"मग दाखव की!" वहिनी म्हणाल्या. "लाज वाटण्यासारख्या झालेल्या नाहीत. चांगल्या खुसखुशीत आहेत."